शिशाच्या पिशवीच्या भरवशावर रोल सोडू नका

फिल्मच्या रोलवर फोटो काढणाऱ्यांना विमानप्रवासाआधी हमखास मिळणारा सल्ला असा: ‘८०० आयएसओच्या (फिल्म प्रकाशाला किती संवेदनशील, त्याचा आकडा) आतल्या फिल्मला विमानतळावरच्या स्कॅनरने काही होत नाही. तरी धास्ती वाटली तर एक्स-रे अडवणाऱ्या शिशाच्या पिशवीत घालून चेक-इन बॅगेत टाका.’ यातलं पहिलं वाक्य अर्धवट खरं आहे, दुसरं मात्र रोलचं वाटोळं करणारं आहे.

‘८०० च्या आत चालतं.’ हातातल्या सामानाच्या जुन्या एक्स-रे यंत्रांपुरतं हे बरोबर. पण प्रत्येक फेरीतली किरणांची मात्रा फिल्मवर साठत जाते. दोन ठिकाणी विमान बदललं की जाऊन-येऊन पाच-सहा फेऱ्या सहज होतात. ४०० चा रोल १६०० वर पुश करणार असाल, म्हणजे १६०० चा समजून फोटो काढून जास्त वेळ डेव्हलप करणार असाल, तर त्याला १६०० चाच समजा, कारण डेव्हलपिंग वाढवलं की फॉग, म्हणजे किरणांनी फिल्मवर आलेला धूसरपणाही वाढतो. सीटी स्कॅनरपुढे तर ही मर्यादा टिकतच नाही. त्यात किरणांचा स्रोत बॅगेभोवती फिरतो आणि मात्रा कितीतरी जास्त असते. २०० चा रोलही एका फेरीत फॉग होऊ शकतो. मोठं गोलसर धूड आणि पडद्यावर सगळीकडून फिरवून पाहता येणारी बॅग दिसली, की ते यंत्र सीटी समजा.

नुकसान आधी सावल्यांत, म्हणजे फोटोच्या गडद भागांत दिसतं. निगेटिव्हचा तोच भाग सर्वांत पातळ, म्हणजे फिकट असतो, म्हणून फोटोत काळ्याचं राखाडी होतं, ग्रेन (फिल्मचे बारीक कण) उठून दिसतो आणि रंगीत फिल्मवर सावल्यांना रंगाची झाक येते.

‘शिशाची पिशवी वाचवते.’ पडद्यावर ती आरपार न दिसणारा काळा डाग दिसते. मग पिशवी बाहेर काढतात आणि बऱ्याचदा रोल तिच्याविना पुन्हा यंत्रात जातो.

‘चेक-इनमध्ये टाका.’ हे कधीच करू नका. तिथली यंत्रं सर्वांत तीव्र, आणि बॅगेपाशी तुम्ही नसता. काही यंत्रांचा अरुंद, तीव्र झोत गुंडाळलेल्या रोलवर साधारण सेंटिमीटरभर रुंदीचा नागमोडी पट्टा उमटवतो. तो एका फ्रेममधून सरळ दुसऱ्या फ्रेममध्ये जातो.

खरा उपाय हाताने तपासणी. रोल खोक्यांतून आणि प्लास्टिकच्या डब्यांतून काढून पारदर्शक झिप पिशवीत ठेवा, ट्रे पट्ट्यावर जाण्याआधीच विनंती करा आणि अर्धा तास हाताशी राखा. बहुधा रोलवरून कापडी पट्टी फिरवून स्फोटकांचे अंश तपासतात. कॅमेऱ्यात रोल ठेवू नका. कॅमेरा यंत्रातून गेला तर आतला रोलही त्यातून गेलाच. विनंती मान्य होईलच असं नाही, म्हणून शक्य असेल तिथे परतण्याआधीच रोल धुवून, म्हणजे डेव्हलप करून घ्या. धुतलेल्या निगेटिव्हला कोणत्याच स्कॅनरने काही होत नाही.