नळी, दस्ता आणि नंबर

खंडेनवमीच्या संध्याकाळी नाशिकच्या पंडित कॉलनीतल्या आमच्या कट्ट्यावर पेढे ठरलेलेच असतात, कारण अंबडच्या औद्योगिक वसाहतीत दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी कापकामाची यंत्रे) आणि तीन लेथ चालवणारा आमचा मित्र यंत्रांची पूजा आटोपून, कपाळावरचे कुंकू तसेच ठेवून, थेट चहाच्या टपरीवर येतो. त्याला आम्ही जॉबवाला म्हणतो. नावाने हाक मारण्याची पद्धत आमच्यात कधी पडलीच नाही; एक वकील आहे, देवळालीच्या तोफखान्यातून निवृत्त झालेले सुभेदार आहेत, आणि ओझरच्या विमान कारखान्यात उभे आयुष्य काढलेले काका आहेत. या वर्षी त्यांत वकिलाच्या पुतण्याची भर पडली होती. तो टेक्सासमध्ये नोकरी करतो आणि दसरा-दिवाळी धरून मोठी सुटी घेऊन आला होता. त्याने मोबाइलवर एक छायाचित्र दाखवले आणि त्या संध्याकाळचा बाकीचा सगळा वेळ त्यातच गेला.

छायाचित्र त्याच्या शेजाऱ्याच्या गॅरेजचे होते. टेबलावर जुन्या कापडाच्या तुकड्यावर एका रायफलचे सुटे भाग मांडलेले होते, आणि हा निवृत्त गृहस्थ सुटीच्या दिवशी बसून ती जुळवत होता, जसा आपल्याकडे एखादा हौशी माणूस जुनी बुलेट उभी करतो. जॉबवाल्याने पेढ्याचा पुडा पुढे सरकवत पहिली कोटी केली, की कट्ट्यावर आता कट्ट्याचाच विषय निघायचा राहिला होता. (वर्तमानपत्रात दर आठवड्याला ‘गावठी कट्टा जप्त’ असे वाचणाऱ्याला ही कोटी समजावून सांगावी लागत नाही, आम्ही मात्र बसतो त्या दगडी ओट्यालाही हाच शब्द का, याचा उलगडा आजवर आमच्यापैकी कोणाला झालेला नाही.)

सुभेदारांनी चष्मा कपाळावर चढवून मोबाइल डोळ्यांजवळ नेला आणि ते क्षणभर गप्प झाले. ती एफएएल या बेल्जियन जातीची लष्करी रायफल होती. तिचेच भारतीय भावंड इच्छापूरच्या कारखान्यात बनत असे, आणि एसएलआर या नावाने ती सुभेदारांनी उमेदीची सगळी वर्षे खांद्यावर वाहिली होती. जी वस्तू रोज संध्याकाळी मोजून कोतमध्ये, म्हणजे युनिटच्या शस्त्रकोठारात, जमा करावी लागे, ती कोणाच्या गॅरेजमध्ये टपालाने तुकड्यातुकड्यांनी येते, ही कल्पनाच त्यांना पचेना.

पुतण्याने मग नीट समजावून सांगितले. एखाद्या देशाचे सैन्य जुन्या रायफली मोडीत काढते, तेव्हा त्यांचा मधला मुख्य सांगाडा, ज्याला रिसीव्हर म्हणतात, तो कापून टाकला जातो आणि उरलेले भाग एकत्र बांधून विकले जातात. अमेरिकेच्या १९६८ च्या कायद्याने हा रिसीव्हरच ‘बंदूक’ ठरवलेला आहे, त्यामुळे नळी, दस्ता, चाप, स्प्रिंगा हे सगळे कायद्याच्या दृष्टीने नुसते सामान असते आणि ते घरपोच येते. नवा रिसीव्हर मात्र परवानाधारक दुकानदाराकडून, पार्श्वभूमीची तपासणी होऊन, अर्ज भरूनच घ्यावा लागतो. तो आपोआप सलग गोळ्या झाडणाऱ्या जातीचा चालत नाही, कारण १९८६ नंतर बनलेले तसले हत्यार तिथल्या सामान्य नागरिकाला बाळगता येत नाही. शिवाय परदेशी भागांचाही हिशेब ठेवावा लागतो: नियमात वीस भागांची यादी आहे आणि जुळवलेल्या रायफलीत त्यांतले दहापेक्षा जास्त परदेशी असता कामा नयेत, म्हणून शेजारी काही भाग मुद्दाम अमेरिकी बनावटीचे विकत घेतो. २००५ नंतर तर अशा संचांबरोबर परदेशी नळ्या आयात करण्यावरही बंदी आली.

ओझरचे काका हसले. आपल्या कारखान्याची सुरुवातही संचापासूनच झाली, असे ते म्हणाले. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री असताना १९६४ साली ओझरचा कारखाना उभा राहिला, आणि पहिली मिग-२१ विमाने सोव्हिएत संघातून आलेल्या सुट्या भागांची जुळणी करूनच बाहेर पडली. जुळणी म्हणजे दुय्यम काम, असे बाहेरच्या लोकांना वाटते; परंतु प्रत्येक भागाचा कागद, त्या कागदावर तपासनिसाची सही आणि ती सही कोणाची हे वीस वर्षांनीही सापडणे, यालाच कारखाना म्हणतात, असे त्यांचे ठाम मत. गॅरेजमध्ये बसून माणूस जुळणी करू शकेल, पण स्वतःच्याच कामावर तपासनीस म्हणून सही कशी करणार, हा त्यांचा प्रश्न होता.

यावर जॉबवाला उसळला. त्याच्या मते छोट्या कारागिराला कमी लेखण्याची ही सरकारी कारखान्याची जुनी खोड आहे. त्याच्याकडच्या पोरांनी मायक्रोमीटरवर धरलेली मापे मोठमोठ्या कंपन्यांच्या तपासणीत पास होतात, मग चांगल्या कारागिराने घरी जुळवलेली रायफल वाईट असेल असे कशावरून म्हणायचे? इथे मी मध्ये पडलो, कारण मला अमेरिकेतलीच एक जुनी हकिगत आठवत होती आणि ती त्याच्या धंद्यातली होती.

अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड येथील सरकारी शस्त्रागारात १९०३ च्या नमुन्याची रायफल बनत असे. तिच्या रिसीव्हरचे पोलाद भट्टीत किती तापले आहे, हे मुरलेले कारागीर नुसत्या रंगावरून ठरवत. त्यांचा डोळा वाईट नव्हता; परंतु लख्ख उन्हाच्या दिवशी आणि ढगाळ दिवशी तोच लाल रंग डोळ्याला वेगळा दिसतो, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. त्यामुळे काही रिसीव्हर प्रमाणाबाहेर तापून ठिसूळ झाले, आणि १९१७ च्या सुमारास, युद्धाच्या ऐन धामधुमीत, ते फुटल्याच्या घटना समोर आल्या. मग भट्ट्यांवर तापमापक बसले आणि पोलादावरची उष्णताप्रक्रिया बदलली. आठ लाखांच्या आतला नंबर असलेली स्प्रिंगफील्ड रायफल उडवू नये, असे जाणकार आजही सांगतात. एवढी जिवावरची जोखीम कशासाठी, याचा अंदाज यावा म्हणून मी आकडाही सांगितला: ट्रकच्या टायरमध्ये शंभर-सव्वाशे पीएसआय हवा असते, तर सुभेदारांच्या एसएलआरच्या जातीच्या काडतुसात दाब साठ हजारांच्या घरात जातो, आणि तो उडवणाऱ्याच्या गालापासून वीतभर अंतरावर असतो.

जॉबवाल्याला हे पटले, पण त्याने त्यातून वेगळाच मुद्दा उचलला. कारागीर चुकले ही गोष्ट त्याच्या लेखी गौण होती. कोणत्या रायफली चुकल्या हे शंभर वर्षांनंतरही सांगता येते, ते केवळ नंबरामुळे, हे त्याला महत्त्वाचे वाटले. त्याच्याकडे एखादी बॅच परत आली तर तो हीट नंबर, म्हणजे पोलादाच्या वितळीचा क्रमांक, पाहून सांगतो की दोष कोणत्या सळईत होता. माझ्या मते त्या संध्याकाळी विषयाच्या मुळाशी प्रथम तोच पोहोचला, आणि ते श्रेय मी वकिलाला देणार नाही, जरी पुढचा अर्धा तास वकीलच बोलत होता.

वकिलाचा मुद्दा असा, की सगळा वाद ‘बंदूक नेमकी कुठून सुरू होते’ या एका प्रश्नाचा आहे. बुलेटचे उदाहरण घ्या. तुम्ही टाकी बदला, चाके बदला, सीट बदला. आरसी बुकात चेसिसचा नंबर तोच आहे तोवर गाडी तीच. अमेरिकेने बंदुकीची चेसिस म्हणजे रिसीव्हर ठरवला आणि नंबर तिथे ठोकला. पळवाट तिथेच निघाली. कोणी नव्वद टक्के तयार, पण शेवटचा हात फिरवायचा राहिलेला सांगाडा विकला, तर ती बंदूक की पोलादाचा नुसता ठोकळा? असे अर्धवट सांगाडे आणि त्यांचे संच नंबराशिवाय, तपासणीशिवाय विकले जाऊ लागले, तेव्हा तिथल्या सरकारने २०२२ मध्ये नियम केला, त्याला आव्हान मिळाले, आणि २६ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी तो नियम सरसकट रद्द करण्यास नकार दिला. निकाल न्यायमूर्ती नील गॉर्सच यांनी लिहिला. त्यातला युक्तिवाद वकिलाला फार आवडलेला होता: लेखिकेने अपुरे हस्तलिखित वाचायला दिले तरी आपण त्याला कादंबरीच म्हणतो, आणि दुकानातून खोक्यात आणलेल्या सुट्या फळ्यांना, जोडायचे काम बाकी असले तरी, टेबलच म्हणतो. न्यायालयापुढच्या एका पिस्तुलाच्या संचाची जुळणी तर साध्या हत्यारांनी अवघ्या एकवीस मिनिटांत झाली होती.

पुतण्याने लगेच खुलासा केला की त्याच्या शेजाऱ्याचा रिसीव्हर पूर्ण, नंबराचा आणि रीतसर विकत घेतलेला आहे. बिननंबरी संचवाल्यांचा त्यालाही रागच आहे, कारण त्यांच्यामुळे सगळ्याच हौशी लोकांकडे संशयाने पाहिले जाते. तरीही त्याच्या देशात, म्हणजे आता तो ज्याला आपला म्हणतो त्या देशात, स्वतःपुरती बंदूक स्वतः बनवायला केंद्राचा परवाना लागत नाही, कॅलिफोर्नियासारखी काही राज्ये तेवढी जास्त कडक आहेत, आणि याचा त्याला अभिमान आहे, हेही त्याने लपवले नाही.

“आणि इथे?” काकांनी विचारले.

इथे, वकील म्हणाला, एक भाग म्हणजे बंदूक आणि बाकीचे सामान, अशी वाटणीच नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या दुसऱ्या कलमात शस्त्राच्या व्याख्येत शस्त्रांचे भागही येतात, आणि शस्त्रे बनवण्याची यंत्रेसुद्धा येतात. विनापरवाना बंदूक बनवण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. त्यात हौस, कला, स्वसंरक्षण असे रकाने नाहीत. ओळखचिन्ह नसलेली बंदूक बाळगणे हा निराळा गुन्हा. हे ऐकताच सुभेदारांनी जॉबवाल्याच्या कुंकवाकडे बोट दाखवले. आज सकाळी त्याने लेथला झेंडूची माळ घालून, शस्त्र म्हणून हळद-कुंकू वाहिले होते; म्हणजे खंडेनवमी आणि शस्त्र कायदा यांचे एका बाबतीत तरी एकमत आहे. हसून झाल्यावर वकिलाने जॉबवाल्याला धीर दिला, की प्रत्येक लेथ काही शस्त्र ठरत नाही, त्यावर काय बनवायचे आहे यावर ते ठरते. पंचेचाळिसाव्या कलमात तर किरकोळ भागांना सूटही आहे, मात्र ते भाग त्यांच्या जोडीच्या इतर भागांसह वापरण्याचा इरादा नसेल तरच, मग ते इतर भाग तुमच्याकडे असोत वा दुसऱ्या कोणाकडे.

पुतण्याने इथे खरी धार लावली. हेतू कोण ओळखणार, असे तो म्हणाला. अमेरिकेचा कायदा निदान एका वस्तूवर बोट ठेवतो, तुमचा कायदा माणसाच्या मनावर ठेवतो. शिवाय ही सगळी परंपरा १८७८ च्या व्हाइसरॉय लिटनच्या शस्त्र कायद्यापासूनची आहे, ज्यात हिंदी माणसाला परवाना हवा होता आणि युरोपियनाला सूट होती. आणि ज्या गावात १९०९ साली अनंत कान्हेरे यांनी विजयानंद थिएटरात कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या, तिथल्या लोकांनी या कायद्याची तरफदारी करावी याचे त्याला नवल वाटत होते. लंडनहून पेटीच्या चोरकप्प्यात लपवून आलेली ती ब्राउनिंग पिस्तुले कोणत्या परवान्यावर आली होती?

वकील एवढेच म्हणाला, की १९५९ च्या कायद्यातून युरोपियनाची सूट गेली आणि परवान्याची अट सर्वांना आली. मला ते उत्तर अपुरे वाटले. हेतूवर चालणारा कायदा पोलिसाच्या हाती फार सैल दोरी देतो, ही पुतण्याची तक्रार खोटी नाही. परंतु ज्या कायद्याने एकाच भागाला बंदूक म्हटले, त्या भागालाच अर्धवट ठेवून लोकांनी त्याला चकवले, हेही आत्ताच ऐकले होते. सुभेदारांनी मात्र या तात्त्विक भागात भाग घेतला नाही. फौजेत रायफल तिच्या बट नंबरावरून, म्हणजे दस्त्यावरच्या क्रमांकावरून, ओळखली जाते, असे त्यांनी सांगितले. रात्री कोतच्या मोजणीत एक कमी भरली तर सगळे युनिट जागे राहते, कोणीही झोपत नाही, आणि ती कोणी कशासाठी नेली हा प्रश्न नंतर येतो. त्यांना त्यांचा बट नंबर अजून पाठ होता. तो त्यांनी म्हणून दाखवला.

पुतण्याने उगाच हवा हलकी करावी म्हणून विचारले, की मग इथे हौशी माणसाने करायचे तरी काय. वकिलाने सांगितले की साडेचार मिलिमीटरची आणि वीस ज्यूलच्या आतली एअर रायफल परवान्याशिवाय घेता येते. नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेल्या स्वप्नील कुसाळे याने २०२४ मध्ये पॅरिसला रायफल नेमबाजीत कांस्य आणल्यापासून भोसला परिसरातल्या पोरांना तिचे वेड लागले आहे. दस्ता हवा तर स्वतः कोरून घे, असे वर त्याने जोडले.

जॉबवाला बराच वेळ बोलला नव्हता. चहाचे पैसे देण्यासाठी उठता उठता त्याने सांगितले, की काही वर्षांपूर्वी त्याच्याकडे एक अनोळखी माणूस हाताने काढलेले ड्रॉइंग घेऊन आला होता. कंपनीचे नाव नाही, ड्रॉइंगवर नंबर नाही, कोणत्या यंत्राचा भाग आहे ते लिहिलेले नाही. पंपाचा सुटा भाग आहे, असे तो म्हणत होता आणि दर चांगला देत होता. मंदीचे दिवस होते, दोन मशीन बंद होती.

“मग?” पुतण्या म्हणाला.

“मग काय, मी त्याला जीएसटी नंबर मागितला. आणतो म्हणाला, तो आजपर्यंत आणतोच आहे.”

खरोखर पंपाचाच भाग असेल, असे वकील म्हणाला. जॉबवाल्याने मान हलवली, असेलही म्हणाला, आणि सुट्या पैशांसाठी टपरीवाल्याकडे वळला.