ल्युसर्नच्या पुलावरची चित्रं सातशे वर्षांची नाहीत

स्वित्झर्लंडमधल्या ल्युसर्नच्या कापेलब्र्युक या छप्पर असलेल्या लाकडी पादचारी पुलाचा फोटो ‘पूल आणि चित्रं, सातशे वर्षं जशीच्या तशी’ म्हणून फिरतोय. हे खरं नाही. पूल चौदाव्या शतकातला, पण छताखालच्या तिकोनी फळ्यांवरची चित्रं सतराव्या शतकातली. त्यातली बहुतेक ऑगस्ट १९९३च्या आगीत गेली. पुलाचा मोठा भाग तेव्हा जळाला. १९९४ साली तो नव्याने बांधून खुला झाला. शेजारचा दगडी जलमनोरा मात्र वाचला.

त्याच पोस्टमधली सांगाड्यांची चित्रं तर या पुलावरची नाहीतच. राजापासून भिकाऱ्यापर्यंत प्रत्येकाला मृत्यू हाताला धरून नेतो, ती चित्रकार कास्पार मेग्लिंगरची विलक्षण चित्रमाला जवळच्या श्प्रॉयरब्र्युक या दुसऱ्या पुलावर आहे. कृपया त्या चित्रमालेचं श्रेय तिलाच द्या.