पराभव आधी प्रशिक्षकाचा असतो

आज संध्याकाळी चौदा वर्षांखालील मुलांच्या एका फुटबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना पाहून घरी आलो, पण जेवणात मन लागेना, म्हणून हे लिहीत आहे. सामना टायब्रेकरवर, म्हणजे बरोबरीनंतरच्या पेनल्टी फटक्यांवर गेला, एका संघाच्या कर्णधाराचा फटका खांबाला लागून बाहेर गेला आणि त्याच्या प्रशिक्षकांनी सर्वांदेखत त्याच्या दंडावरची कर्णधारपदाची पट्टी उतरवून घेत ‘तुझ्यामुळे हरलो’ असे त्याला सुनावले. तो मुलगा माझ्या संघातला नाही आणि त्या प्रशिक्षकांशी माझा परिचयही नाही. परंतु कोल्हापुरात मुलांना फुटबॉल शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला हे पाहवत नाही.

मी शाळेच्या संघातून खेळत असताना एका अंतिम सामन्यात अगदी शेवटी आमच्या गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटला आणि आम्ही हरलो. आमचे सर मैदानात आले ते थेट त्या गोलरक्षकापाशी गेले, त्याची पिशवी त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि त्याच्या पेठेपर्यंत त्याच्यासोबत चालत गेले. वाटेत ज्याने ज्याने हटकले, त्याला सरांचे उत्तर एकच होते : ‘आजची मांडणी माझी होती.’

प्रशिक्षकाचे काम याहून वेगळे काय असते? संघ तो निवडतो, कोणाला कोठे खेळवायचे हे तो ठरवतो, टायब्रेकरला कोणाला पाठवायचे हेही तोच सांगतो. मग हरल्यावर तेरा वर्षांच्या मुलाला पुढे करून स्वतः बाजूला होण्याचा अधिकार त्याला कोणी दिला? बारा यार्डांवर चेंडू ठेवून, दोन्ही पेठांच्या आरडाओरड्यात फटका मारायला जो मुलगा पुढे येतो, त्याने नेतृत्व करून दाखवलेलेच असते. १९९४च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इटलीच्या रॉबर्तो बाज्जोची पेनल्टी गोलच्या वरून गेली, हे सगळे जग सांगते. पण इटली तिथवर पोहोचली ती बाद फेरीतल्या त्याच्या पाच गोलांमुळे, आणि त्याच टायब्रेकरमध्ये कर्णधार बारेसीचा फटकाही वरूनच गेला होता, हे किती जणांना आठवते?

मुलांना शिस्त लागते, हे मला मान्य आहे. सरावाला दांडी मारणाऱ्याला मीही बाहेर बसवतो. दहावीच्या सवलतीच्या गुणांपायी पालकांचा आणि शाळेचा दबाव प्रशिक्षकावर येतो, हेही खोटे नाही. परंतु शिस्त आणि अपमान यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याने मुलांच्या मैदानावर पाऊल ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या सरांनी दुसऱ्या दिवशी सरावात सर्वप्रथम त्याच गोलरक्षकाला गोलमध्ये उभे केले आणि सामन्यातल्या चुकांची चर्चा दोन दिवसांनी, सर्वांच्या चुका मांडत, शांतपणे केली. तोपर्यंत आमची ऐकून घेण्याची तयारी झाली होती.

भारताचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम यांचा संघ १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला होता. त्याच कोरियाला अंतिम सामन्यात २-१ असे हरवून भारताने सुवर्णपदक मिळवले, आणि डोक्याला जखम झालेल्या जर्नैलसिंग या बचावपटूला रहीम यांनी आघाडीला खेळवले, त्याने त्या सामन्यात गोलही केला. पहिल्या पराभवानंतर एखाद्याला बळीचा बकरा करून त्यांनी संघाचे मन मोडले असते, तर ते पदक आपल्याला मिळाले असते, असे मला वाटत नाही.

आपल्या अनिकेत जाधवला २०१७च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळताना पाहून अख्खे कोल्हापूर हरखले होते. भारत तिन्ही सामने हरला, तरी त्या मुलांविषयी आपण अभिमानानेच बोललो. मग आपल्याच गल्लीतल्या मुलाच्या वाट्याला ही माया का येऊ नये? शाहू स्टेडियमवर मोठ्यांच्या सामन्यांत खेळाडूला जे ऐकावे लागते, ते शेजारी बसलेली लहान मुले ऐकत असतात, हेही आपण विसरतो.

लिहिता लिहिता राग थोडा निवळला आहे. त्या प्रशिक्षकांनाही त्यांच्या लहानपणी कोणी असेच वागवले असेल. ज्याला आमच्यासारखे सर लाभले नाहीत, त्याने हे शिकावे तरी कोठून?

माझ्या संघाचा सध्याचा कर्णधार डाव्या बगलेवरचा बचावपटू आहे आणि संघातला सर्वांत कुशल खेळाडू तो नाही. सर्वाधिक गोल करणाऱ्या मुलाच्या वडिलांनी मला त्याविषयी विचारलेही होते. मी त्यांना सांगितले की, आपल्यावर गोल झाल्यावर इतर मुले मान खाली घालतात तेव्हा हा मुलगा गोलरक्षकाकडे धावत जातो, आणि जोवर तो हे करतो आहे तोवर कर्णधार तोच राहील. त्यांचे समाधान झाले नाही, पण निर्णय बदलणार नाही.