सुनेचं पहिलं नाव बदलायची पद्धत आता थांबवूया

लग्नानंतर आडनाव बदलायचं की नाही यावर आपल्याकडे निदान वाद तरी होतो, पण बारशाला ठेवलेलं पहिलं नावच बदलून टाकायची पद्धत अजून कितीतरी घरांत चालू आहे आणि त्यावर कोणी फारसं बोलत नाही. म्हणून आज सविस्तर लिहितेय. पोस्ट लांब झालीये, वेळ असेल तेव्हा वाचा.

समोरून मुद्दा कायम एकच येतो. घराण्याचं नाव पिढ्यानपिढ्या चालत आलंय, नवीन सुनेने त्यात मिसळून जायला हवं. बरं, मग ही पिढ्यानपिढ्यांची नावं आली कुठून ते तरी बघू. नाना फडणवीस आपण सगळे शाळेत शिकलो. त्यांचं नाव बाळाजी जनार्दन भानू. आडनाव भानू, फडणवीस हा हुद्दा. पेशव्यांचं आडनाव भट, मूळचे श्रीवर्धनचे, १७१३ ला बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळालं आणि मग हुद्दाच घराण्याचं नाव होऊन बसला. कुलकर्णी, देशपांडे, देशमुख, पाटील ही सगळी कामाची नावं, त्यामुळे एकमेकांशी काडीचंही नातं नसलेली हजारो घरं एकाच आडनावाची. आणि शेवटी 'कर' लागलेल्यांचं म्हणाल तर गाव सोडून दुसरीकडे गेलं की लोक गावावरून ओळखायला लागले, तेच आडनाव झालं. दीनानाथ मंगेशकरांचं आडनाव गोव्यातल्या मंगेशीवरून आलेलं, ते त्यांच्या वडिलांचं आडनाव नव्हतं.

मला यात सगळ्यात जास्त भावतात ती कोकणातल्या बेने इस्रायली लोकांची आडनावं. किहीमचे किहीमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, नवगावचे नवगावकर. धर्म ज्यू, घरात मराठी, आडनाव अलिबागजवळच्या गावाचं, आणि १९४८ नंतर यातली कितीतरी कुटुंबं इस्रायलला गेली तरी ती आडनावं सोबत घेऊन गेली. गोव्यात वेगळं झालं. पोर्तुगीज काळात बाप्तिस्मा घेताना नाव आणि आडनाव दोन्ही नवीन मिळायचं, बऱ्याचदा धर्मपित्याचं. फर्नांडिस म्हणजे मुळात फर्नांडोचा मुलगा, रॉड्रिग्ज म्हणजे रॉड्रिगोचा. गोव्यातल्या ज्या शेतकऱ्याला हे आडनाव मिळालं त्याच्या घरात फर्नांडो नावाचा कोणी पूर्वज नव्हता. तरी आज ते आडनाव त्या घराचं आहे आणि त्यांना त्याचा अभिमान आहे, असावाच.

म्हणजे नोकरीमुळे, गाव सुटल्यामुळे, धर्म बदलल्यामुळे पुरुषांची आडनावं बदलत आली आणि त्याने कुठलंही घराणं बुडालं नाही. मग एका मुलीने आपलं नाव तसंच ठेवलं तर परंपरा कशी काय मोडते?

आता बायकांकडे बघा. कल्याणला १८६५ मध्ये जन्मलेली यमुना नऊ वर्षांची असताना गोपाळराव जोशींशी लग्न झालं आणि ती आनंदी झाली. पुढे अमेरिकेत जाऊन डॉक्टर झालेल्या त्या आनंदीबाई. देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांची मुलगीसुद्धा यमुनाच, ती न्यायमूर्ती रानड्यांच्या घरी येऊन रमाबाई झाली. धोंडो केशव कर्व्यांची दुसरी पत्नी माहेरची गोदूबाई, पुनर्विवाहानंतर आनंदीबाई. यातले नवरे काही जुन्या वळणाचे नव्हते, बायकोने शिकावं म्हणून समाजाच्या शिव्या खाल्लेली माणसं आहेत ही. तरी नाव बदललंच. इतकं ते अंगवळणी पडलेलं होतं. आणि मला राहून राहून वाटतं की त्या दोन यमुनांना त्यांच्या आईने दिलेली हाक पुन्हा कोणी मारली असेल का, माहेरी गेल्यावर तरी.

माझ्या भाचीचं लग्न ठरलं तेव्हा हॉल, केटरर, साड्या सगळं ठरल्यावर तिकडून विचारणा झाली, मुलीचं नाव काय ठेवायचं, गुरुजींनी पत्रिकेवरून अक्षर काढून दिलंय. अगदी प्रेमाने विचारलं हो, वाईट माणसं नाहीतच ती. पण मी तिची आत्या. बारशाला पाळण्यापाशी वाकून तिच्या कानात नाव मी सांगितलंय, मागून वहिनींचे धपाटे पाठीत खाल्लेत, आणि आता ताटात तांदूळ पसरून अंगठीने दुसरंच नाव लिहिणार आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या? भाचीने शांतपणे सांगितलं की माझं नाव आहे तेच राहू दे, तांदळात तेच लिहा. सासूबाई दोन मिनिटं गप्प बसल्या, मग म्हणाल्या बरं. विधी झाला, उखाणे झाले, काहीही अडलं नाही.

ज्यांना नवऱ्याने ठेवलेलं नाव मनापासून आवडलं त्यांच्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. माझं म्हणणं फक्त विचारण्याबद्दल आहे, "काय ठेवायचं" असं विचारायच्या आधी "बदलायचंय का" असं विचारा.

"एका घरात दोन आडनावं बरी दिसत नाहीत" हेही ऐकते. आइसलँडमध्ये तर एका घरात चार असतात. तिथे बहुतेकांना आडनावच नाही, बापाच्या किंवा आईच्या नावापुढे मुलाला सोन आणि मुलीला डॉटिर लागतं. १९८० मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या विगदिस फिन्बोगाडॉटिर म्हणजे फिन्बोगीची मुलगी, आणि लग्न झालं तरी तिथे बाई आपल्या बापाचीच मुलगी राहते. जपानची गोष्ट तर प्रत्येकाने वाचावी. सगळ्यांनी आडनाव लावावं असा हुकूम तिथे १८७५ मध्ये निघाला, आणि पुढच्याच वर्षी सरकारने सांगितलं की बायकोने माहेरचं आडनाव लावावं. नवराबायकोचं एकच आडनाव हा नियम १८९८ च्या कायद्याने आला. आज तिथे तीच जुनी परंपरा म्हणून सांगितली जाते, आणि आडनाव बदलणाऱ्यांत जवळपास ९५ टक्के बायका असतात. कोर्टाने २०१५ आणि २०२१ मध्ये एकाच आडनावाचा तो नियम कायम ठेवला.

आपल्याकडे तर कायद्याची सक्तीही नाही. लग्नानंतर नाव बदललंच पाहिजे असा कुठलाही कायदा भारतात नाही. तरी मी बदललं, त्या वयात विचारच केला नव्हता, आणि मग डिग्री एका नावाची, पॅनकार्ड दुसऱ्या नावाचं, एका ऑफिसात तर समोरच्याने दोन्ही कागद शेजारी ठेवून विचारलं की या दोन बायका कोण. गॅझेट, नोटरी, स्टॅम्प पेपरवर लिहून द्यायचं की या दोन्ही नावांची व्यक्ती मीच आहे. नवऱ्याला आयुष्यात असा एक कागद करावा लागला नाही.

आणि आता तर हा प्रश्न फक्त बाईपुरता उरलेला नाही. १ मे २०२४ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात सरकारी कागदावर आधी स्वतःचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असं लिहायचं ठरलंय. मला हा निर्णय फार आवडला. पण आईचं कुठलं नाव लिहिणार? तांदळात लिहिलेलं की दहावीच्या सर्टिफिकेटवरचं? ज्यांच्या घरी यंदा लग्न आहे त्यांनी हे सुपारी फुटायच्या आधीच बोलून घ्या, आणि मुलीला समोर बसवून बोला.