99-1: भारत-नायजेरियाचा न झालेला सामना

नायजेरियात फुटबॉलच्या गप्पांत भारताचं नाव निघालं की एक किस्सा हमखास येतो. बापाने मुलाला सांगितलेला, शाळेच्या मैदानावर ऐकलेला आणि आता मोबाइलवर फिरणारा. तो थोडक्यात असा. फार पूर्वी भारत आणि नायजेरियाचा सामना झाला. भारतीयांनी मंत्र मारून मैदानच बांधून टाकलं होतं. त्यांनी मारलेला चेंडू नायजेरियाच्या गोलकीपरला कधी सिंहाच्या जबड्यासारखा दिसे, कधी आगीच्या लोळासारखा, तर कधी एकदम दहा चेंडू अंगावर येताना दिसत. नायजेरियाचा खेळाडू किक मारायला गेला की चेंडूचा दगड व्हायचा. अशा रीतीने भारताने 99 गोल केले. भारतीयांची अट होती की तुम्ही एक जरी गोल केलात तरी सामना तुमचा. शेवटी सॅम ओक्वाराजीने जिवाच्या आकांताने एक गोल मारला आणि तिथेच कोसळून मेला. फिफाने जादूटोण्याबद्दल भारतावर कायमची बंदी घातली, आणि म्हणूनच एवढा मोठा देश विश्वचषकात कधी दिसत नाही.

आपल्याकडच्या माणसाला हे ऐकून आधी हसू येतं आणि मग, खोटं कशाला बोला, जरा बरंही वाटतं. 99 गोल! आपल्या संघाला एवढं कौतुक दुसरीकडे कुठे मिळायचं? पण किस्सा गमतीचा असला तरी त्यात एक खरा माणूस आहे आणि त्याचं खरं मरण आहे. त्यासाठी तरी एकेक मुद्दा घेऊन बोललं पाहिजे.

"भारत 99, नायजेरिया 1"

आधी साधा हिशेब. 90 मिनिटांत 100 गोल म्हणजे दर 54 सेकंदांना एक. गोल झाला की चेंडू जाळ्यातून काढून मधल्या ठिपक्यावर आणायचा, दोन्ही संघांनी आपापल्या अर्ध्यात यायचं, रेफरीने शिट्टी मारायची. बरं, सेंटर घेतो तो गोल खाल्लेला संघ. म्हणजे प्रत्येक गोलनंतर चेंडू आधी नायजेरियाच्याच पायात. त्यांनी तो नुसता आपसांत फिरवला असता तरी पन्नाशी गाठताना भारताची दमछाक झाली असती.

आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधला विक्रमी विजय किती गोलांचा? ऑस्ट्रेलियाने अमेरिकन सामोआला 31-0 हरवलं ते 11 एप्रिल 2001 ला, कॉफ्स हार्बरमध्ये. एकट्या आर्ची थॉम्पसनचे 13 गोल. त्या दिवशी फलकावर आधी 32 लागले होते, नंतर मोजदाद करून 31 केले. एकतीस गोल मोजतानाही माणसं चुकली, आणि इथे म्हणे 99 बिनचूक मोजले. शंभरावा का नाही झाला, याचं मला सुचणारं एकच कारण म्हणजे फलक दोन आकडी असावा.

यावर कोणी मादागास्करचा दाखला देईल. बरोबर आहे. 31 ऑक्टोबर 2002 ला तिथे एक सामना 149-0 असा संपला. पण ते सगळेच्या सगळे स्वयंगोल होते. रेफरीच्या निर्णयाचा निषेध म्हणून एक संघ आपल्याच जाळ्यात चेंडू मारत राहिला आणि समोरचा संघ बघत उभा राहिला. शंभरी गाठायचा तेवढाच मार्ग आहे, आणि त्याला मंत्र लागत नाही, डोकं फिरावं लागतं.

नायजेरियाचा सर्वात मोठा पराभव कागदावर आहे. 1955 साली अक्रात, 7-0, तेव्हा गोल्ड कोस्ट म्हणवणाऱ्या शेजारच्या घानाकडून. त्याच वर्षी मॉस्कोत सोव्हिएत संघाने भारताला 11-1 धुतलं. त्याआधी 1952 च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने 10-1. म्हणजे समोरच्याचे ढीगभर गोल आणि आपला एक, हा आकडा भारताच्या खात्यात खरोखर आहे, फक्त उलट्या बाजूने. त्यातल्या एकाही सामन्यात कुणाला सिंह दिसल्याची नोंद नाही.

शिवाय सामना कुठे झाला, कोणत्या साली, रेफरी कोण? कोणी पन्नासचं दशक म्हणतो, कोणी सत्तरचं. सत्तर साली ओक्वाराजी सहा वर्षांचा होता.

"गोल मारला आणि ओक्वाराजी मेला"

सॅम्युएल ओक्वाराजी मैदानावरच मरण पावला हे खरं आहे. तारीख 12 ऑगस्ट 1989. जागा लागोसच्या सुरुलेरे भागातलं नॅशनल स्टेडियम. समोर अंगोला. सामना 1990 च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीतला. स्टेडियम खच्चून भरलेलं, हवेत दमट उकाडा. नायजेरिया 1-0 पुढे होता आणि तो गोल होता स्टीफन केशीचा, ओक्वाराजीचा नव्हे. 77 व्या मिनिटाला ओक्वाराजी खाली कोसळला. कुणाचा धक्का नाही, टक्कर नाही. तो उठलाच नाही. वय 25. शवविच्छेदनात निघालं की हृदय वाढलेलं होतं आणि रक्तदाब जास्त होता. गर्दीच्या रेट्यात त्या दिवशी काही प्रेक्षकही दगावले.

हा पोरगा साधासुधा नव्हता. रोममध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याची पदव्युत्तर पदवी घेतलेला वकील. युरोपात क्लबांकडून खेळून पोट भरणारा, आणि देशाने बोलावलं की येणारा. 1988 च्या आफ्रिकन नेशन्स कपमध्ये कॅमेरूनविरुद्ध त्याने पहिल्याच मिनिटात गोल मारला होता. लोकांना त्याचा 'गोल' आठवतो तो बहुधा इथून. त्याचा गोल, त्याचं मरण आणि भारत यांचा बादरायण संबंध नंतर कुणीतरी जोडून दिला.

आता बघा, या किस्स्याने काय केलं. धडधाकट दिसणाऱ्या खेळाडूचं हृदय आतून वाढलेलं होतं आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, हा प्रश्न होता. दुपारच्या उकाड्यात किती माणसं आत कोंबायची, हा प्रश्न होता. मैदानाच्या कडेला हृदयाला विजेचा झटका देणारं यंत्र का नसावं, हाही प्रश्न होता. भारतीय जादूगाराने मारलं म्हटलं की यातला एकही प्रश्न उरत नाही. मूठ मारली, माणूस गेला, संपलं. आपल्या खेड्यांतही तरणाताठा माणूस अचानक गेला की करणी केली म्हणतात, आणि डॉक्टरला विचारायचं राहून जातं. भानामतीविरुद्ध इथे वर्षानुवर्षं झगडणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

मैदानावरचं मरण आपल्यालाही परकं नाही. 5 डिसेंबर 2004 ला बंगळूरमध्ये फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पोचा ब्राझिलियन स्ट्रायकर क्रिस्तियानो ज्युनिअर गोल मारताना गोलकीपरशी धडकला, कोसळला आणि गेला. गोल मारला आणि मेला, हे शब्दशः त्याच्या बाबतीत घडलं. त्या वेळी चर्चा झाली ती उपचार किती उशिरा मिळाले याची. ती अपुरी झाली असेल, पण निदान योग्य गोष्टीची झाली. गोव्यात कुणी असं म्हटलं नाही की समोरच्या मोहन बागानने काली मातेला साकडं घातलं होतं.

"भारतीयांकडे जादू आहे हे सगळ्या जगाला माहीत आहे"

पश्चिम आफ्रिकेत हा समज जुना आहे, आणि तो आकाशातून पडलेला नाही. तिथल्या किनाऱ्यावर मामी वाता नावाच्या जलदेवतेला मानणारे लोक आहेत. ती रूप देते, पैसा देते आणि रुसली तर बुडवते. या देवतेचं जे चित्र घरोघरी आणि देवघरांत लागलं, ते जवळून बघण्यासारखं आहे. दाट, फुललेल्या काळ्या केसांची एक बाई, गळ्याभोवती साप, हातात आणखी एक, आणि खालच्या कोपऱ्यात एका चौकटीत पुंगी वाजवणारा पोरगा व त्याच्यासमोर फणा काढलेले साप. बघणाऱ्याला वाटावं, ही भारतातलीच कुणी मांत्रिकीण.

प्रत्यक्षात हे चित्र एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी जर्मनीत हॅम्बुर्गला छापलं गेलं होतं, तिथे सापांचे खेळ करणाऱ्या एका बाईची जाहिरात म्हणून. बोटींबरोबर ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचलं आणि देवी झालं. गंमत पुढे आहे. 1955 साली घानातल्या कुमासीच्या व्यापाऱ्यांनी हे चित्र मुंबईच्या श्री राम कॅलेंडर कंपनीकडे पाठवलं आणि तिच्याकडून 12,000 प्रती छापून घेतल्या. हॅम्बुर्गची सर्कस, मुंबईचा छापखाना, कुमासीचा बाजार. त्या भागातल्या ज्या चित्रावर 'भारतीय' गूढतेचा एवढा शिक्का बसला, त्यात भारताचा वाटा शाई आणि कागदाचा.

पुढे हिंदू देवदेवतांची कॅलेंडरं गेली. अनेक हात, निळं अंग, गळ्यात नाग, तिसरा डोळा. आपण दिनदर्शिका म्हणून भिंतीला टांगतो ते तिथे कुणी सामर्थ्याचा नकाशा म्हणून वाचलं. लागोसात सिंधी व्यापाऱ्यांच्या पेढ्या होत्याच. चेलाराम तिथे 1923 पासून आहेत. कानोसारख्या उत्तरेकडच्या शहरांत पन्नासच्या दशकापासून लेबनानी वितरकांनी हिंदी सिनेमे आणले आणि तिथल्या हाउसा भाषा बोलणाऱ्या प्रेक्षकांनी ते डोक्यावर घेतले. पडद्यावर नागीण बाई होते, बाई नागीण होते. दूरदेशच्या माणसाने यातून जो अर्थ काढायचा तो काढला.

त्यात फार हसण्यासारखं नाही. आपल्याकडे 'बंगाली बाबा' हे तीन दिवसांत प्रेम परत मिळवून देणारं दुकान आहे, आणि बंगालमध्ये म्हणे कामरूपची जादू, म्हणजे आसामची. जादू कायम एक गाव पलीकडे राहते.

राहिला साधा प्रश्न: आपल्याकडे ही विद्या असती तर गेली कुठे? 1962 नंतर आशियाई स्पर्धांत फुटबॉलचं एक सुवर्ण मिळालेलं नाही. गोव्याच्या क्लबांनी तर गोल करायला चक्क नायजेरियन खेळाडू आणले. रँटी मार्टिन्सने डेम्पोसाठी आणि ओडाफा ओकोलीने चर्चिल ब्रदर्ससाठी गोलांचा रतीब घातला. त्याआधी कोलकात्यात चिमा ओकोरीने ऐंशीच्या दशकात बचावपटूंची झोप उडवली होती. मंत्र येणाऱ्या देशाने स्ट्रायकर बाहेरून का मागवावे?

"म्हणूनच फिफाने भारतावर बंदी घातली"

या शेपटामुळे गोष्ट खरी वाटते, कारण त्यामागची शंका रास्त आहे. एवढी लोकसंख्या आणि अकरा जण मिळत नाहीत? काहीतरी कारण असणारच! कारण आहे, पण ते अद्भुत नाही. पैसा आणि डोकं क्रिकेटकडे, संघटनेत वर्षानुवर्षं गोंधळ, पोरांना लहान वयात शिकवणारी यंत्रणा तोकडी. 1994 च्या विश्वचषकापासून भारत प्रत्येक पात्रता फेरीत उतरतो आणि प्रत्येक वेळी बाहेर पडतो. बंदी असलेला देश पात्रता फेरी खेळत नाही. 2017 मध्ये तर 17 वर्षांखालील मुलांचा विश्वचषकच भारतात भरला.

आपल्याकडेही या प्रश्नाचं एक लाडकं उत्तर आहे: 1950 चा ब्राझीलमधला विश्वचषक आपण हुकवला, कारण फिफाने अनवाणी खेळू दिलं नाही. तीही लोणकढीच. इटली, स्वीडन आणि पॅराग्वेच्या गटात आपलं नाव होतं. प्रवासखर्चाचा बराच भार उचलायला ब्राझीलवाले तयार होते. आपल्या महासंघाला विश्वचषकाचं महत्त्व वाटलं नाही, ऑलिंपिक वाटलं. कर्णधार शैलेन मन्ना यांनीच पुढे सांगितलं की अनवाणी पायांचं कारण खरं नव्हतं. 1952 ला हेलसिंकीत आपले कित्येक खेळाडू अनवाणीच उतरले होते, मग बंदी कुठली? आणि अनवाणी काही आपणच नव्हतो. 1949 मध्ये नायजेरियाचा पहिला निवडक संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला, त्यातलेही बरेच जण बिनबुटाचे खेळले.

खरी बंदी एकदाच आली, 2022 च्या ऑगस्टमध्ये. महासंघाच्या कारभारात बाहेरच्यांचा हस्तक्षेप झाला म्हणून. जादूटोण्याचं कलम नव्हतं, कोर्टाने नेमलेल्या प्रशासकांचं होतं. अकरा दिवसांत ती उठलीही.

त्यानंतर दोन महिन्यांनी 17 वर्षांखालील मुलींचा विश्वचषक भारतात झाला. नायजेरियाच्या मुली आल्या. नवी मुंबईत त्यांनी अमेरिकेला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवलं, मडगावच्या फातोर्ड्यात कोलंबियाकडून शूटआउटमध्येच हरल्या, आणि पुन्हा नवी मुंबईत येऊन जर्मनीला हरवून तिसऱ्या आल्या. यजमान भारताच्या मुलींना त्याच अमेरिकेने 8-0 हरवलं, मोरोक्कोने 3-0 आणि ब्राझीलने 5-0. तीन सामन्यांत 16 गोल खाल्ले, केलेला एकही नाही.