आधी पाणी, मग परवानगी: धुळ्याच्या वाढीविषयी काही प्रश्न

धुळे शहराच्या जुन्या बाजारपेठेचा पुनर्विकास आणि शहराभोवती वाढत चाललेल्या वसाहती यांविषयी सध्या बरेच बोलले जात आहे, आणि या चर्चेत जो कोणी शंका विचारतो त्याच्यावर ‘यांना विकासच नको’ असा शिक्का लगेच मारला जातो. म्हणून सुरुवातीलाच स्पष्ट करतो की नव्या इमारतींना माझा विरोध नाही. गळक्या धाब्याखाली पातेली मांडून पावसाळा काढण्यात कसलाही वारसा जपला जात नाही, हे ज्यांनी तसे पावसाळे काढले आहेत त्यांना ठाऊक आहे. माझा आक्षेप कामांच्या क्रमाला आहे. आपल्याकडे आधी प्लॉट विकले जातात, मग घरे उभी राहतात, मग रस्ता होतो, मग गटारीसाठी तोच रस्ता खोदला जातो, आणि पाण्याचा विचार सर्वांत शेवटी होतो.

या शहराचा इतिहास नेमका याच्या उलट आहे. 1819 मध्ये ब्रिटिश अधिकारी कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांनी खानदेशच्या कारभारासाठी मुंबई-आग्रा मार्गावरचे हे ठिकाण निवडले, तेव्हा गावात 401 घरे आणि 2,509 माणसे होती. एका बाजूला पांझरा नदी, दुसऱ्या बाजूला पाट आणि भोवती मळे असे ते गाव होते. लोकांनी येऊन वसावे म्हणून घरासाठी कायमची बिनभाड्याची जागा आणि पक्के बांधकाम करण्यासाठी उचलही देण्यात आली. ब्रिग्ज साहेबांचे गोडवे गाण्याचे कारण नाही. त्यांना व्यापार आणि महसूल हवा होता. परंतु सरळ रेषेत आखलेली जी पेठ त्या धोरणातून उभी राहिली, तिच्या गल्ल्या आपण आजही क्रमांकानेच ओळखतो. तिथे पाणी आधीपासून होते, रस्ता आखलेला होता आणि त्यानंतर माणूस राहायला आला.

आता आजची स्थिती पाहावी. 2003 मध्ये महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 3,75,559 होती. 2018 च्या हद्दवाढीत वलवाडी, महिंदळे, अवधान, नकाणे यांसारखी 11 गावे शहरात आली, आणि 2021 ची जनगणना तर वेळेवर झालीच नाही. म्हणजे किती माणसांसाठी नियोजन करायचे याचा अधिकृत आकडा दशकाहून अधिक जुना आहे आणि त्यात ही गावे धरलेलीच नाहीत. साक्री रस्ता असो वा देवपूरच्या पुढचा भाग, काल जिथे कपाशी होती तिथे आज सिमेंटचे खांब रोवून प्लॉट पाडलेले दिसतात.

पाण्याचा हिशोब मी साध्या गणिताने मांडतो, कारण परवानगीच्या कागदांत तो असा मांडलेला मला कधी दिसत नाही. भुयारी गटार असलेल्या शहरांसाठी पाणीपुरवठ्याचे प्रमाण माणशी दररोज 135 लिटर धरले जाते. गल्लीतला एखादा जुना वाडा, ज्यात आज तीन कुटुंबे राहतात, तो पाडून तिथे 40 सदनिका झाल्या आणि प्रत्येकीत चार माणसे धरली, तर त्या एका इमारतीला रोज 21,600 लिटर पाणी लागेल. धुळ्यात नळाला रोज पाणी येत नाही, हे कोणाला सांगायला नको. चार दिवसांआड पाणी येते असे धरले, तरी त्या इमारतीला लाखभर लिटरची जमिनीखालची टाकी लागते. ही टाकी ज्या दिवशी भरते त्या दिवशी त्याच जलवाहिनीवरच्या शेजाऱ्यांचे काय होते, हे पाहायचे असेल तर पाणी सुटण्याच्या वेळी कोणत्याही गल्लीत उभे राहावे. व्हॉल्व्ह फिरवला गेला की पाच मिनिटांत ओळीने मोटारी सुरू होतात, आणि ज्याच्याकडे मोटार नाही त्याच्या नळातून आधी नुसती हवा फुसफुसते आणि मग करंगळीएवढी धार लागते. वापरलेल्या पाण्यापैकी सुमारे 80 टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, म्हणजे त्या एका इमारतीचे सतरा हजार लिटरांहून अधिक सांडपाणी जुन्या उघड्या गटारीत रोज येणार.

यावर नेहमीचे उत्तर असे मिळते की तापीवरून योजना आहे, नकाणे आणि डेडरगावचे तलाव आहेत, अक्कलपाड्याच्या धरणातूनही जलवाहिनी आली आहे. हे सर्व खरे आहे आणि त्याचे स्वागतच आहे. परंतु धरणात पाणी असणे आणि तिसऱ्या मजल्यावरच्या नळाला पाणी असणे यांच्या मध्ये जलशुद्धीकरण, जलकुंभ, जुन्या वाहिन्यांची गळती आणि वितरणाचे वेळापत्रक एवढा सगळा पसारा आहे. आमच्या कॉलनीतल्या एका आप्पांनी नव्या ले-आउटचे छापील पत्रक हातात घेऊन, त्यातली बाग, प्रवेशद्वार, जॉगिंग ट्रॅक वगैरे सगळे वाचून झाल्यावर एकच विचारले, “ते समदं ठीक शे, पन पानी कथाईन ई?” (म्हणजे, पाणी कुठून येईल?) माझ्या मते प्रत्येक मोठ्या प्रकल्पाच्या परवानगीवर हा प्रश्न मराठीत किंवा अहिराणीत, कसाही, छापला पाहिजे आणि त्याखाली उत्तर लिहिण्यासाठी जागा सोडली पाहिजे.

नव्या वसाहतींबाबत दुसरी तक्रार मोकळ्या जागांची आहे. मोठ्या ले-आउटमध्ये दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते आणि नकाशावर ती सोडलेली असतेही. मात्र काही वर्षांनी तिथे आधी एक ओटा येतो, मग पत्र्याचे शेड, मग सभागृह, आणि प्रत्येक टप्प्याला कोणी ना कोणी आदरणीय व्यक्ती नारळ फोडते, त्यामुळे हरकत घेणारा धर्मद्रोही तरी ठरतो नाहीतर समाजद्रोही तरी. आमच्याच वसाहतीच्या नकाशात जो हिरवा चौकोन आहे, तिथे आज लग्नाचे मंडप पडतात. मुले रस्त्यावर क्रिकेट खेळतात. देवपूर भागात भुयारी गटारीच्या कामात चांगले रस्ते खोदले गेले आणि काळ्या मातीत बुजवलेले चर पहिल्या पावसात खचले, हे तर सर्वांनी भोगले आहे. काम कोणाचे होते याच्या खोलात इथे जात नाही, क्रम चुकला की काय होते एवढेच दाखवायचे आहे.

आता बाजारपेठेकडे येतो, कारण खरी भीती तिथे आहे. पाचकंदील, आग्रा रोड आणि त्यांना लागून असलेल्या गल्ल्या यांच्या पुनर्विकासाविषयी बोलताना चित्रे नेहमी काचेच्या दर्शनी भागाची आणि तळघरातल्या पार्किंगची दाखवली जातात. त्या चित्रांत आठ बाय दहाच्या गाळ्यात तीन पिढ्या बसलेला कापड दुकानदार कुठे आहे, हे कोणी दाखवत नाही. इथे कायद्याची एक बाब नीट समजून घ्यायला हवी. खासगी मालकाच्या इमारतीतील जुन्या भाडेकरूला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चे संरक्षण आहे. मालकाला इमारत पाडून नवी बांधायची असेल तर त्यालाही काही अटी पाळाव्या लागतात. परंतु स्थानिक स्वराज्य संस्थेच्या मालकीच्या गाळ्यांना तो कायदा लागूच होत नाही. तिथे गाळेधारकाच्या हातात असतो तो फक्त भाडेकरार, आणि त्याची मुदत संपलेली असेल तर तोही नाही. एकाच रस्त्यावर समोरासमोर बसलेल्या दोन दुकानदारांची स्थिती त्यामुळे पूर्णपणे वेगळी असू शकते, आणि बैठकांमध्ये दोघांनाही ‘व्यापारी बांधव’ म्हणून एकच आश्वासन दिले जाते.

शेजारच्या जळगावकडे पाहिले तरी पुरेसे शिकता येईल. तिथल्या पालिकेच्या व्यापारी संकुलांतील अनेक गाळ्यांच्या कराराची मुदत 2012 मध्ये संपली आणि त्यानंतर भाडे किती, थकबाकी किती, लिलाव की नूतनीकरण, यावरून वर्षानुवर्षे वाद, आंदोलने आणि न्यायालयीन फेऱ्या चालल्या. सतरा मजली पालिका इमारत बांधणारे ते शहर घरकुल आणि अन्य योजनांसाठी घेतलेल्या हुडको या केंद्र सरकारच्या गृहनिर्माण वित्तसंस्थेच्या कर्जाखाली दीर्घकाळ दबून राहिले. मोठे काहीतरी उभारण्याच्या उत्साहात करारनामे आणि परतफेड यांचा बारीक हिशोब मागे पडला तर त्याची किंमत पुढची पिढी घरपट्टीतून आणि न झालेल्या रस्त्यांतून मोजते.

म्हणून माझे म्हणणे असे आहे, की कोणतीही जुनी इमारत पाडण्यापूर्वी, ती ‘धोकादायक’ ठरवून पाडायची असली तरीही, प्रत्येक भोगवटादाराच्या जागेची मोजणी व्हावी, त्या मोजणीचा सही-शिक्क्याचा उतारा त्याला मिळावा, आणि नव्या इमारतीत त्याला किती जागा, कोणत्या मजल्यावर, कोणत्या भाड्याने आणि किती महिन्यांत मिळणार हे नोंदणीकृत करारात लिहिले जावे. मजल्याचा मुद्दा मी मुद्दाम घातला आहे. तळमजल्यावर रस्त्याला लागून असलेले किराणा दुकान दुसऱ्या मजल्यावर नेले तर क्षेत्रफळ तेवढेच राहते आणि धंदा संपतो. मधल्या काळात तो दुकानदार कुठे बसणार, याचे उत्तरही त्याच करारात हवे.

टोपली घेऊन बसणाऱ्या बायाबापड्यांना तर या चित्रात जागाच नाही. वास्तविक 2014 च्या पथविक्रेता कायद्यानुसार सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणत्याही विक्रेत्याला हटवता येत नाही, आणि शहर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचेच असावे लागतात. कापडणे, फागणे, मोराणे अशा गावांहून पहाटे मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन येणाऱ्या मावशींना हे कोणी सांगितले आहे का, याची मला शंका वाटते.

नदीबद्दल थोडक्यात. सप्टेंबर 1872 च्या पुरात पांझरेने धुळ्यातली शेकडो घरे नेली होती, आणि ऑगस्ट 2019 मध्ये पुलांवरून पाणी जाताना आपण सर्वांनी पाहिले आहे. 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी रेषा आणि 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा बांधकामाच्या नकाशावर दाखवली जाते ती शोभेसाठी नव्हे. काठावर प्लॉट घेणाऱ्याने सातबाऱ्याबरोबर ही रेषाही पाहावी.

ज्यांना घर हवे आहे त्या तरुण कुटुंबांच्या विरोधात हे लिहिलेले नाही. पगाराचा निम्मा भाग हप्त्यात घालून जे घर घेतात, त्यांनाच टँकरचे पैसे सर्वांत आधी मोजावे लागतात. बांधकाम परवानगीच्या वेळी वसूल होणारे विकास शुल्क सार्वजनिक सुविधांसाठीच असते. ते कोणत्या भागातून किती जमा झाले आणि कोणत्या भागात किती खर्च झाले, याचा प्रभागवार तक्ता दरवर्षी प्रसिद्ध करायला एका संगणक चालकाचे दोन दिवसांचे काम पुरेल. पाच मजल्यांवरील प्रत्येक प्रस्तावासोबत पाणीपुरवठा विभागाचा लेखी अभिप्राय जोडून तोही लोकांना पाहण्यास खुला करावा. यात खर्च नाही, अडचण फक्त इच्छेची आहे.

आपल्या बाजूनेही ढिलाई आहेच. नगररचना कायदा 1966 नुसार शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती देण्यासाठी 30 दिवस असतात. त्या दिवसांत आपण व्हॉट्सॲपवर संताप व्यक्त करतो आणि एकतिसाव्या दिवशी नकाशा शोधायला निघतो. तोंडी बोलण्याला किंवा निवेदन देताना काढलेल्या छायाचित्राला सुनावणीत स्थान नसते. तेव्हा यापुढे आराखड्याचे प्रारूप वा फेरबदलाची सूचना निघाली, की आपल्या गल्लीचा किंवा कॉलनीचा तुकडा मोठा करून छापून घ्यावा, सर्वे क्रमांकासह हरकत मराठीत स्वच्छ लिहावी, शक्य तेवढ्या शेजाऱ्यांच्या स्वतंत्र सह्यांचे स्वतंत्र अर्ज द्यावेत, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक व तारखेचा शिक्का पडल्याशिवाय खिडकीपुढून हलू नये.