पोलिसांचा पगार तुमच्या घरपट्टीतून जात नाही

माझ्या मावशीने एक फिरता मेसेज खरा मानून यंदाची घरपट्टी भरायचं थांबवलं, म्हणून हे लिहावं लागतंय. मेसेजचा सारांश असा: पोलीस आणि अग्निशमन जवानांचे पगार पालिका-पंचायती देतात, सातव्या वेतन आयोगात ते अडीचपट झाले, म्हणून घरपट्टी वाढली, आठव्यातही तेच होणार, तेव्हा ग्रामसभेत ठराव करून वाढ रोखा आणि तोवर कर भरू नका.

सुरुवातच खोटी आहे. गोव्यात ही दोन्ही राज्य सरकारची खाती आहेत. राज्याचा अर्थसंकल्प उघडून पाहा: पोलिसांचा खर्च मुख्य शीर्ष (खर्चाचं मोठं सदर) २०५५ खाली, अग्निशमनाचा २०७० मध्ये १०८ या गौण शीर्षाखाली (उपसदराखाली). ही रक्कम विधानसभा मंजूर करते. आता पंचायत सचिवांकडून गावचं अंदाजपत्रक मागून घ्या आणि त्यात पोलिसांच्या पगाराची ओळ शोधा. सापडणार नाही. सुधारित वेतन राज्याच्या वित्त खात्याच्या आदेशाने लागू होतं, ग्रामसभेचा ठराव ते अडवू शकत नाही. अमेरिकेतल्या बहुतेक शहरांत नगर परिषदच पोलीस आणि अग्निशमन चालवते, मालमत्ता करातून पगार देते, आणि वाढीवरून दर अर्थसंकल्पाला तिथे भांडणं होतात. तिकडचा वाद उचलून कुणीतरी आपल्या पंचायतींच्या माथी मारलेला दिसतो.

सगळ्यात संतापजनक आहे ते ‘अडीचपट’. पे मॅट्रिक्सचा, म्हणजे सातव्या आयोगाच्या वेतन तक्त्याचा, तिसरा स्तर घ्या, केंद्रीय दलांतल्या शिपायाला तोच लागतो. सहाव्या आयोगात नव्या भरतीचं मूळ वेतन ८,४६०, सातव्यात २१,७००. हे दोनच आकडे शेजारी ठेवले की अडीचपट दिसतं. पण १ जानेवारी २०१६ ला जुन्या मूळ वेतनावर १२५ टक्के महागाई भत्ता होता, म्हणजे १०,५७५ रुपये. बेरीज १९,०३५. नव्या वेतनात तो भत्ता मुरवला आणि भत्त्याची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू झाली. १९,०३५ चे २१,७०० झाले, वाढ १४ टक्के, तीही दहा वर्षांनी. त्यानंतरची वार्षिक वाढ ३ टक्के: २१,७०० चे २२,४००. महिन्याला सातशे रुपये!

आठव्या आयोगाची कार्यकक्षा केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये मंजूर केली, अहवालाला १८ महिने दिले. आज कुणी पक्का आकडा सांगत असेल तर तो मनचा आहे.

मेसेजमध्ये अर्धसत्य आहे, ते मान्य करतो. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा पालिकांच्या कामांत धरली आहे, आणि मुंबईचं अग्निशमन दल महापालिकेचंच आहे. पालिकेच्या स्वतःच्या कामगारांना वेतनवाढ दिली की पालिकेच्या तिजोरीला चटका बसतो, हेही खरं. घरपट्टी का वाढली हे विचारायचं असेल तर तिथे विचारा.

‘जवान दिवसभर बसून असतात’ म्हणणाऱ्यांनी हिशेब करावा. बंबावरची एक जागा चोवीस तास भरायची तर आठवड्याला आठ तासांच्या २१ पाळ्या होतात. एक माणूस सहा करतो, म्हणजे एका जागेला साडेतीन माणसं, रजा आणि प्रशिक्षण धरून चारहून जास्त. सहा जणांच्या बंबाला पंचवीसेक. यात कपात केली तर कॉल आल्यावर बंब निघतो, पण होज ओढायला माणसं पुरत नाहीत.

डिसेंबर २०२५ मध्ये गोव्यातल्या हडफड्याच्या नाइट क्लबला लागलेल्या आगीत २५ माणसं मेली. त्यानंतरही ग्रामसभेत जवानांच्या पगारावर ठराव आणायला सांगणं मला संतापजनक वाटतं. पंचायतीच्या हातात पगार नाही, परवाने आहेत. ग्रामसभेत हे विचारा: व्यवसाय परवाना देताना अग्निशमन खात्याचा ना हरकत दाखला पाहिला का? त्या वाटेने बंब वळतो का? बाहेर पडायला दुसरा दरवाजा आहे का? आणि घरपट्टी भरा. उद्या दाखल्यासाठी गेलात की सचिव आधी तिची पावतीच मागतील.